माळ्यावरचा एक्झॉस्ट बंद ठेवू नका, त्याचा आवाज कमी करा

"डॉक्टर, झोप नीट लागत नाही," अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला माझे काही ठरलेले प्रश्न असतात. शेवटचा चहा किती वाजता? दुपारी किती वेळ झोपता? रात्री लघवीला किती वेळा उठता? घोरता का? या यादीत मी काही वर्षांपूर्वी आणखी एक प्रश्न वाढवला : रात्री घरात कसला आवाज येतो का? बहुतेक जण आधी "तसा काही नाही" म्हणतात. मग सोबत आलेली पत्नी किंवा मुलगी आठवण करून देते, "अहो, तो बाथरूमच्या माळ्यावरचा एक्झॉस्ट घरघरतो ना!"

दुसऱ्या प्रकारचे रुग्ण दम्याचे, ॲलर्जीच्या सर्दीचे. पावसाळ्यात त्यांचा खोकला वाढतो. घरात भिंतीला ओल आहे का, बाथरूमच्या छताला काळे डाग आहेत का, असे विचारले की होकार मिळतो. "मग एक्झॉस्ट नाही का?" "आहे, पण फार आवाज करतो, म्हणून लावत नाही."

म्हणजे पंखा लावला तर झोप बिघडते आणि नाही लावला तर श्वास. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे : चुकीच्या पद्धतीने बसवलेला पंखा. "पंखा म्हटला की आवाज यायचाच" हे आपण उगाच मान्य करून बसलो आहोत. माझे स्पष्ट मत असे आहे की, घरातल्या पंख्याचा आवाज हा आरोग्याचा प्रश्न आहे. तो बहुतेक वेळा थोड्या खर्चात सुटू शकतो आणि तो सुटेपर्यंत पंखा बंद ठेवणे हा काही उपाय नव्हे.

हा पंखा माळ्यावर गेला कसा?

पूर्वी बाथरूमला बाहेरच्या भिंतीत झरोका असायचा आणि पंखा त्यातच बसवलेला असायचा. आता अनेक फ्लॅटमध्ये बाथरूम घराच्या मधोमध असते. बाहेरची खिडकी नसते, असते ती डक्टकडची लहानशी फट. मग पंखा माळ्यावर किंवा फॉल्स सीलिंगच्या वर ठेवतात, खाली छताला जाळी लावतात आणि हवा एका नळीतून डक्टमध्ये किंवा बाहेर सोडतात. कल्पना चांगली आहे. पंखा डोळ्यांसमोर नसतो आणि एकाच पंख्याला दोन बाथरूमही जोडता येतात. अडचण अशी की त्या माळ्याची भिंत बऱ्याचदा बेडरूमचीही भिंत असते आणि तिच्याच पलीकडे आपली उशी असते.

पंखा लागतोच कशाला?

गरम पाण्याची आंघोळ झाली की बाथरूममध्ये वाफ कोंडते. ती बाहेर गेली नाही तर छताला, भिंतीला, दाराच्या चौकटीला ओल धरते. ओल टिकली की बुरशी येते आणि हवेत दमटपणा राहिला की गादी-उशीतले धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्याचे चार महिने बाहेरची हवाच दमट असते. अशा वेळी आतली वाफ आतच ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. अशा घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा, खोकला, छातीत घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त आढळतात, हे त्यात पुराव्यांसह मांडले आहे.

स्वयंपाकघराची गोष्टही वेगळी नाही. फोडणीचा, तळणाचा धूर हा केवळ वासाचा प्रश्न नसतो. त्यात फुप्फुसात खोलवर जाणारे बारीक कण असतात. चिमणी किंवा एक्झॉस्ट असूनही बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, "अगं, ते बंद कर, टीव्ही ऐकू येत नाही." आणि पंखा बंद होतो. टीव्ही पाहणाऱ्याची सोय होते, धूर मात्र ओट्यापाशी उभी असलेली बाई घेते. पंखा शांत असता तर हा वादच झाला नसता.

आवाजाने शरीराला काय होते?

आधी एक भीती दूर करतो. घरातल्या एक्झॉस्टच्या आवाजाने बहिरेपणा येत नाही. त्यासाठी लागणारा आवाज याहून खूप मोठा असतो आणि तो रोज तासन्‌तास कानावर पडावा लागतो. इथे प्रश्न आहे तो झोपेचा.

झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. आवाज मेंदूपर्यंत पोहोचतच असतो. मोठा किंवा अचानक आवाज झाला की आपण जागे होतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण पूर्ण जाग न येताही गाढ झोप क्षणभर उथळ होते, नाडी थोडी वाढते, रक्तदाब किंचित चढतो. सकाळी यातले काही आठवत नाही. आठवते ते एवढेच की आठ तास पडून राहूनही अंग जड आहे.

"आम्हाला सवय झाली आहे," असे बरेच जण सांगतात. ते अर्धे खरे आहे. मनाला सवय होते, जाग येण्याचे प्रमाण कमी होते. हृदयाच्या ठोक्यांत आणि रक्तदाबात होणारे ते छोटे बदल मात्र तितक्या सहज थांबत नाहीत. यावरचे बहुतेक अभ्यास रस्ते, रेल्वे आणि विमानांच्या आवाजाबद्दल आहेत. त्यामुळे एक्झॉस्टमुळे तुमचे बीपी वाढले असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना आधीच बीपी, हृदयविकार किंवा निद्रानाश आहे, त्यांच्या झोपेत टाळता येणारा अडथळा कशाला ठेवायचा?

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेनुसार झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलपेक्षा आणि मधूनच होणारा आवाज ४५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती बाहेरच्या परिसराची. आपल्या घरातल्या, आपणच लावलेल्या पंख्याचा विचार आपल्यालाच करायचा आहे.

डेसिबलचे गणित साध्या बेरजेसारखे नसते. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ४० आणि ५० डेसिबलच्या पंख्यांत "दहाचाच तर फरक" असे समजू नका.

काहींना पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही, हेही खरे. सीलिंग फॅनचा एकसारखा, मंद आवाज बाहेरचे बारीकसारीक आवाज झाकतो. पण माळ्यावरून येणारी घुं-घुं, मधूनच होणारी खडखड आणि पलंगाला जाणवणारी थरथर ही त्या जातीची नाही. एकसारखा आवाज मन सोडून देते, बदलत्या आवाजाकडे ते पुन्हा पुन्हा वळते.

आधी निदान, मग उपाय

तापावर गोळी देण्याआधी ताप कशाचा हे पाहावे लागते. आवाजाचेही तसेच आहे. पंख्याचा आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून : पात्यांचा आणि नळीतून धावणाऱ्या हवेचा. दुसरा बांधकामातून : मोटरची थरथर स्क्रूमधून प्लायवूडला, तिथून भिंतीला आणि भिंतीतून खोलीला.

दुसरी वाट समजायला तंबोरा आठवा. नुसती तार छेडली तर आवाज जेमतेम ऐकू येतो. तीच तार भोपळ्यावर चढवली की खोली भरते. माळ्याचे प्लायवूड किंवा फॉल्स सीलिंगचा पत्रा हा तुमच्या पंख्याचा भोपळा आहे. पंखा त्याला घट्ट स्क्रूने आवळला की एवढीशी मोटर आख्ख्या बेडरूममध्ये घुमते. व्हायब्रेटवर ठेवलेला मोबाईल टेबलावर किती आवाज करतो आणि घडी केलेल्या टॉवेलवर ठेवल्यावर किती, हे करून पाहा. मोबाईल तोच असतो, फरक खालच्या आधाराचा.

रात्री घर शांत असताना पंखा लावा आणि बेडरूमच्या भिंतीवर तळवा ठेवा. थरथर हाताला जाणवली तर आवाज बांधकामातून येतो आहे. हाताला काही नाही पण जाळीतून "सूं" असा आवाज येतो, तर दोष हवेच्या वाटेत आहे. खडखड, करकर किंवा ठराविक अंतराने टक-टक येत असेल तर पाती, बेअरिंग किंवा एखादा सैल भाग तपासायला हवा. पंखा नुसता घुमतो आणि हळूहळू सुरू होतो, तर कंडेन्सर किंवा मोटर दाखवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने मोटरची गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची असते. हा खालच्या पट्टीतला आवाज दार लावून अडत नाही.

आणखी एक चाचणी माझ्या विषयातली. पंखा बंद करा. तरीही घुं-घुं ऐकू येत असेल आणि घरातल्या इतरांना येत नसेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी कान तपासून घ्या. कानात मळ असू शकतो किंवा कानातच आवाज येण्याचा त्रास असू शकतो.

काय करून घ्यावे?

स्वस्तापासून महागाकडे जाऊ या.

१. सफाई. पात्यांवर धूळ आणि चिकटा असमान बसला की पंख्याचा तोल जातो आणि तो थरथरतो. दर सहा महिन्यांनी पाती आणि जाळी पुसून घ्या. अनेक पंखे एवढ्यानेच निम्मे शांत होतात.

२. सैल भाग. जाळी, स्क्रू, वायरची पट्टी तपासा. बाहेरच्या टोकाला वाऱ्याने उघडझाप करणारी झडप असेल तर तिच्या कडेला पातळ फोमची पट्टी लावा. रात्रीची टक-टक पुष्कळदा तिची असते.

३. पंखा टेकवू नका, तरंगता ठेवा. हा सर्वांत महत्त्वाचा उपाय. पंखा आणि प्लायवूड यांच्यामध्ये रबराचे बूच किंवा पॅड हवेत. शक्य असेल तर तो वरच्या स्लॅबला रबर लावलेल्या हँगरने टांगून घ्यावा. स्क्रू रबराला आरपार आवळून टाकला तर रबर असून नसल्यासारखे, कारण थरथर स्क्रूमधून जातेच. रबर दाबले गेले पाहिजे, चिरडले जाता कामा नये. पंखा फॉल्स सीलिंगच्या चौकटीला तर अजिबात लावू नये.

४. पंखा आणि नळी यांच्यामध्ये मऊ तुकडा. कडक पीव्हीसी पाइप थेट पंख्याला जोडला तर थरथर पाइपमधून भिंतीत जाते. मध्ये वीतभर लवचिक नळीचा तुकडा असावा. पाइप भिंतीतून जातो तिथेही सिमेंटऐवजी फोमचे वेष्टन द्यावे.

५. हवेची वाट सरळ. अकॉर्डियनसारखी घड्यांची नळी गुंडाळून, कोंबून ठेवलेली असते. तिच्यात हवा अडखळते आणि आवाज करते. नळी ताणून, कमीत कमी वळणांची आणि पंख्याच्या तोंडाएवढ्याच व्यासाची ठेवा. तिला किंचित उतार बाहेरच्या बाजूला द्या. झोळ पडला तर त्यात पाणी साचते.

६. आत येणाऱ्या हवेला जागा. पंखा हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायला हवी. दार खाली जमिनीला टेकत असेल तर पंखा नुसता आरडाओरडा करतो, वाफ मात्र तिथेच राहते. दाराखाली बोटभर फट किंवा दारात जाळी ठेवा.

७. मोठा पंखा, कमी वेग. हे ऐकायला उलटे वाटते, पण लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवणे शांत असते. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. मात्र सीलिंग फॅनचा रेग्युलेटर प्रत्येक एक्झॉस्टला चालत नाही. काही मोटरी त्याने जास्त घुमतात आणि तापतात. वेग बदलता येणारा पंखाच घ्यावा.

८. आवाज शोषणारी नळी. एवढे करूनही "सूं" राहिला तर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये आतून मऊ अस्तर असलेला सायलेन्सरचा तुकडा बसवता येतो.

९. टायमर. पंखा रात्रभर चालू ठेवण्याची गरज नसते. आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे पुरतात. टायमर लावला की विसरण्याचा प्रश्न राहत नाही.

मोबाईलवरचे आवाज मोजणारे ॲप अचूक नसते, पण त्याच जागी, त्याच मोबाईलने आधी आणि नंतर मोजले तर फरक नक्की कळतो.

हे मात्र करू नका

आवाज दाबायला मोटरभोवती गोधडी, थर्मोकोल किंवा फोम गुंडाळू नका. मोटरला थंड राहायला हवा लागते. ती कोंडली तर मोटर जळते आणि आग लागू शकते.

साठीच्या पुढच्या मंडळींनी स्टुलावर चढून माळ्यात डोकावू नये. पंखा साफ करताना, जाळे काढताना पडून मोडलेली खुब्याची हाडे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या एका पडण्याने म्हातारपणाची दिशा बदलते. हे काम इलेक्ट्रिशियनला द्या आणि तोही मेन स्विच बंद करूनच हात घालतो आहे ना, ते पाहा.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट गॅस गीझरची. "आमच्याकडे एक्झॉस्ट आहे, म्हणून गॅस गीझर बाथरूममध्ये चालतो," हा समज जीवघेणा आहे. बंद बाथरूममध्ये पंखा हवा ओढतो तेव्हा गीझरचा जळालेला वायू बाहेर जाण्याऐवजी खोलीत परत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि माणूस दार उघडायच्या आत बेशुद्ध पडतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. पंखा शांत असो वा नसो, यात सवलत नाही.

जबाबदारी कोणाची?

एक्झॉस्ट ही घरातली सर्वांत शेवटी आणि सर्वांत स्वस्तात घेतली जाणारी वस्तू. टाइल्स निवडायला आपण चार दुकाने हिंडतो, पंखा मात्र "तुम्हीच आणा" म्हणून मिस्त्रीवर सोडतो. तो आणतो, दोन स्क्रू मारतो, फिरतो का ते बघतो आणि जातो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण रात्री तो तिथे झोपत नाही आणि आवाजाबद्दल त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते.

म्हणून घराचे काम काढताना दोन गोष्टी आपणच विचारायच्या. पंख्याचा आवाज किती डेसिबल आहे आणि तो किती अंतरावरून मोजला आहे? अंतर वाढवले की आकडा आपोआप लहान दिसतो, तेव्हा दोन पंख्यांची तुलना एकाच अंतरावर करा. दुसरे, पंखा रबरावर बसवणार ना? बिल्डरांनी बेडरूमच्या भिंतीला लागून पंखा देताना एवढी काळजी घेतलीच पाहिजे, असे माझे मत आहे. रबराच्या चार बुचांनी फ्लॅटची किंमत वाढत नाही. सामाईक डक्टमधून शेजारच्यांचा पंखा ऐकू येत असेल, तर भांडायला जाण्याआधी हे उपाय त्यांना सांगा. आपला पंखा पलीकडे किती घुमतो, हे त्यांच्या कानावर आलेलेच नसते.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. झोपेच्या प्रत्येक तक्रारीचे खापर पंख्यावर फोडू नका. आवाज थांबूनही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिने चालले असेल, जोरात घोरणे असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा दिवसा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर डॉक्टरांना भेटा. पण त्याआधी, मनाने झोपेची गोळी सुरू करण्याआधी तर नक्कीच, आज रात्री पाच मिनिटे पंखा लावून भिंतीला हात लावून बघा. थरथर जाणवली तर उद्या मला नव्हे, इलेक्ट्रिशियनला फोन करा. आणि तो येईपर्यंत आंघोळीनंतरची वीस मिनिटे पंखा चालूच ठेवा.